कुत्र्याला ठेवून गावाला जायचंय? दर विचारू नका, बिल विचारा

कुत्रा घरात आल्यावर पहिल्यांदा चार-पाच दिवस बाहेर जायची वेळ येते, तेव्हा पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या बोर्डिंगला फोन करून सगळे एकच विचारतात: ‘एका रात्रीचे किती?’ समोरून ‘आठशे’ असं उत्तर येतं. आपण मनात पाच रात्रींचे चार हजार मांडतो आणि तिकिटं काढून मोकळे होतो. परत आल्यावर हातात पडणारं बिल त्याच्या दुपटीहून जास्त निघू शकतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. बिलातली प्रत्येक ओळ खरी असते, फक्त ती आपण आधी विचारलेली नसते.

आमची चिंगी देशी आहे, वजन अठरा किलो, फटाक्यांना कमालीची घाबरते. तिच्यापायी शेजारी, घरगुती बोर्डिंग, शहराबाहेरचं फार्म आणि घरी राहायला येणारी मुलगी हे सगळे प्रकार करून झालेत. खालचे दर पुणे-मुंबईकडे साधारण ऐकू येणारे आहेत. लहान शहरांत बरेचदा कमी पडतात, आणि हंगामानुसार ते हलतात. त्यामुळे आकड्यांपेक्षा काय काय विचारायचं, तेवढं इथून उचला.

१. तिकिटाआधी जागा पक्की करा

गणपती, दिवाळी, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि मे महिना. या चार वेळांना सगळ्यांनाच बाहेर जायचं असतं, आणि चांगली घरगुती बोर्डिंग महिना-दीड महिना आधीच भरतात. उरतात त्या जागा एक तर महाग असतात, नाही तर त्या का उरल्या ते बघितल्यावर कळतं. त्यामुळे तारखा ठरल्या की पहिला फोन बोर्डिंगला, दुसरा तिकिटाला.

आपला कुत्रा ठेवून घेतला जाईल का, हेही इथेच तपासा. लसींचा पहिला कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू कोणी घेत नाही आणि तुम्हीही ठेवू नका. पार्वो हा कुत्र्यांचा संसर्गजन्य आजार अशाच ठिकाणाहून घरी येतो. मादीचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर मागच्या वेळी ती कधी हीटवर, म्हणजे माजावर, आली होती ते आठवून पुढचा अंदाज काढा. हीटवर असलेली मादी बहुतेक जण घेत नाहीत. घेतलीच तर वेगळी खोली, म्हणजे वेगळे पैसे. ऑपरेशन न झालेल्या मोठ्या नरालाही अनेक ठिकाणी नकार मिळतो.

२. पर्याय कोणते आणि कोणाला कोणता

*नातेवाईक किंवा शेजारी.* फुकट वाटतं, पण खाणं, फिरवायला येणाऱ्या मुलाचे पैसे आणि येताना आणायची भेटवस्तू धरा. आणि खाण्याच्या सूचना लिहून द्या, तोंडी नकोत. दिवाळीत घरात फराळाची ताटं खालीवर होत असतात. चिवड्यातला आणि लाडवातला बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक असतो, कांदा आणि चॉकलेटही चालत नाही. ‘एवढंसं दिलं तर काय होतंय’ म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. तिच्याशी स्वतः बोलून जा.

*घरी येऊन जाणारा माणूस.* दिवसातून दोन-तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला फिरवणं, खाणं, पाणी. फेरीला ३०० ते ५०० रुपये. एक-दोन दिवसांसाठी आणि एकट्या राहणाऱ्या वयस्क कुत्र्यासाठी बरं. पिल्लासाठी नको, सोफा वाचणार नाही.

*घरी राहायला येणारा माणूस.* रात्रीचे साधारण १००० ते २०००. दोन कुत्री असतील तर हेच स्वस्त पडतं, कारण बोर्डिंगमध्ये प्रत्येक कुत्र्याचे वेगळे पैसे आणि इथे माणसाचे एकदाच. म्हातारा, आजारी किंवा घाबरट कुत्रा असेल तरी माझं पहिलं मत यालाच. सोसायटीच्या गेटवर त्या व्यक्तीचं नाव आधी कळवून ठेवा आणि कपाटं कुलूपबंद करून जा, त्यात अपमान कोणाचा होत नाही.

*घरगुती बोर्डिंग.* कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये किंवा बंगल्यात, त्यांच्या कुत्र्यांबरोबर. ५०० ते १०००. पहिल्यांदा ठेवताय तर इथून सुरुवात करा. एका वेळी किती कुत्री ठेवतात हा इथला कळीचा प्रश्न. टू बीएचकेमध्ये तीन-चारच्या वर आकडा गेला की मी फोन ठेवते.

*केनेल आणि फार्म.* म्हणजे कुत्र्यांसाठीच बांधलेल्या खोल्या किंवा मोकळी जागा. पुण्यात मुळशी, वाघोलीकडे आणि मुंबईकरांसाठी पनवेल-कर्जतकडे. ६०० पासून १५०० पर्यंत, एसी खोली आणि स्विमिंग पूल असेल तर आणखी वर. धावायला मोकळी जागा मिळते, त्यामुळे लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड खूश असतात. पण पावसाळ्यात गोचीड आणि उंदरांमुळे लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) भीती हे फार्मचं कायमचं दुखणं आहे. जुन्नर, खेड, मुळशी, मावळ या भागात आणखी एक प्रश्न विचाराच: रात्री कुत्री कुठे असतात? बिबट्यासाठी कुत्रा ही सोपी शिकार असते. ‘केज-फ्री आहे आमचं’, म्हणजे पिंजरे नाहीत, हे दिवसा ऐकायला छान वाटतं. रात्री मात्र छत आणि दार असलेली खोली हवी.

*डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये.* औषधं सुरू असतील, इन्सुलिन द्यावं लागत असेल तरच. नाही तर आजारी कुत्र्यांच्या शेजारी धडधाकट कुत्रा कशाला ठेवायचा?

बरोबर न्यायचा विचार असेल तर एवढं लक्षात घ्या: रेल्वेत कुत्रा आपल्याजवळ ठेवता येतो तो फक्त फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये, तेही पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तर. टू टियर, थ्री टियर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्सचा. मे महिन्यात तो मी कोणालाही सुचवणार नाही.

३. पूर्ण बिल आधी मांडून घ्या

इथे थोडा वेळ घालवा. एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. अठ्ठावीस किलोचा लॅब, दिवाळीचे दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सोडायचा, बुधवारी दुपारी आणायचा. सांगितलेला दर ८००.

- तुमच्या मनात: ५ रात्री × ८०० = ४,०००
- त्यांच्या वहीत: शुक्रवार ते बुधवार ६ दिवस × ८०० = ४,८००
- सणाचा जादा आकार, दिवसाला २००: १,२००
- जेवण दरात धरलेलं नाही, दिवसाला १५०: ९००
- नेणं-आणणं, दोन्ही वेळचे ५०० प्रमाणे: १,०००
- घरी पाठवण्याआधी अंघोळ: ८००
- बेरीज: ८,७००
- १८ टक्के जीएसटी: १,५६६
- हातात पडणारं बिल: १०,२६६ रुपये

या यादीत कुठेही कोणी खोटं बोललेलं नाही. पण यातल्या निम्म्या ओळी आधी विचारल्या असत्या तर टाळता आल्या असत्या. जेवण आपलं देता आलं असतं, नेणं-आणणं स्वतः केलं असतं, अंघोळ घरी. म्हणून व्हॉट्सॲपवर हे प्रश्न एकाच मेसेजमध्ये पाठवा आणि उत्तरही लेखीच घ्या:

- दर रात्रीचा, चोवीस तासांचा की तारखेचा? आणायला उशीर झाला तर किती वाजेपर्यंत चालतं, त्यानंतर अर्धा दिवस लावता की पूर्ण?
- या तारखांना सणाचा वेगळा दर आहे का? किमान किती रात्री घ्याव्या लागतात?
- जेवण धरलेलं आहे का? आमचं आणलं तर किती कमी कराल?
- औषध द्यायचे, एसीचे, मोठ्या जातीचे वेगळे पैसे आहेत का?
- जीएसटी धरून की वगळून?
- ॲडव्हान्स किती, आणि रद्द केलं तर त्यातला किती परत?
- लवकर परत आलो तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात का?

जीएसटीबद्दल थोडं खुलासेवार. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा व्यवसायाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताही येत नाही. घरगुती बोर्डिंग बहुतेक या मर्यादेतच असतात. त्यामुळे कोणी कर लावला तर बिलावर जीएसटी क्रमांक मागा. ‘बिल हवं असेल तरच जीएसटी’ असं म्हणणाऱ्याकडे मी कुत्रा ठेवत नाही. पैशाचा हिशेब जो असा ठेवतो, तो औषधाच्या वेळा कशा पाळणार?

घासाघीस करायची असेल तर ऐन सणात करू नका, ते ऐकणार नाहीत आणि तुमच्या कुत्र्याला नाराज माणसाच्या हाती देण्यात शहाणपण नाही. जूनच्या मधल्या आठवड्यात, आठ-दहा दिवसांच्या मुक्कामाला किंवा दुसऱ्या कुत्र्यासाठी मात्र सूट मिळते. ती मागा.

४. लसी आणि कागदपत्रं

लसीकरणाचं पुस्तक उघडून तारखा बघा. रेबीजची लस वर्षाच्या आत घेतलेली हवी. सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन म्हणतात ती अनेक आजारांवरची एकत्र लसही. तिसरी केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची. ही बऱ्याच जणांची राहिलेली असते, कारण घरातल्या कुत्र्याला डॉक्टर ती आग्रहाने सांगत नाहीत. जाण्याच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नसतो, दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या. जंताचं औषध आणि गोचिडांची गोळीही त्याच फेरीत. गोळी महिनाभर चालणारी आहे की तीन महिने, ते पाकिटावर बघून पुस्तकात तारीख लिहून घ्या.

हा खर्चही बिलात धरा. तो बोर्डिंगच्या नावावर दिसत नाही, पण पहिल्या वर्षी चांगलाच जाणवतो.

बरोबर द्यायचे कागद:

- लसीकरणाचं पुस्तक. मूळ प्रत आपल्याकडे, फोटोकॉपी त्यांना
- महापालिकेचा कुत्र्याचा परवाना. नसेल तर या निमित्ताने काढून टाका
- कुत्र्याचे समोरून आणि बाजूने काढलेले ताजे फोटो, मायक्रोचिप असेल तर क्रमांक
- औषधं सुरू असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी
- तुमचं ओळखपत्र. आधार देणार असाल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, पूर्ण क्रमांकाची गरज कोणालाच नसते
- गावातल्याच एका माणसाचं नाव आणि नंबर, जो तुम्ही नसताना जाऊन कुत्र्याला घेऊन येऊ शकेल

शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा राहतो. पुण्यातल्या बोर्डिंगला बंगळुरूच्या भावाचा नंबर देऊन काय होणार?

५. जागा बघून या, शक्यतो न सांगता, नाही तर थोडं आधी सांगून

इन्स्टाग्रामवरची हिरवळ बघून पैसे भरू नका. जा, आणि आत गेल्यावर आधी वास घ्या. फिनेलचा थोडा वास चालतो. मुतऱ्यांसारखा वास येत असेल तर साफसफाई दिवसातून एकदाच होते असं समजा. मग पाण्याची भांडी बघा, तळाला शेवाळ आहे का. तिथल्या एखाद्या कुत्र्याच्या कानामागे आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचीड दिसतात का ते मालकाच्या परवानगीने बघा. गोचीड भिंतींच्या फटींत आणि खाटेच्या खाली अंडी घालतात. एकदा जागेला लागले की गोळी घातलेला तुमचा कुत्राही सुरक्षित नसतो, कारण बहुतेक गोळ्या गोचीड चावल्यावरच त्याला मारतात.

‘आमच्याकडे चोवीस तास सीसीटीव्ही आहे’ असं सांगितलं तर तो बघणारा कोण ते विचारा. रात्री तिथे कोण झोपतं, त्याचं नाव काय, त्याच्याकडे डॉक्टरांचा नंबर आणि गाडी आहे का. मालक गोड बोलतो, कुत्र्यांबरोबर दिवस काढतो तो वेगळाच माणूस असतो. त्या माणसाला भेटा. तो आल्यावर तिथली कुत्री शेपूट हलवत जवळ जातात की बाजूला सरकतात, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

परीक्षणं वाचायची तर दिवाळी आणि नाताळ संपल्यानंतरच्या आठवड्यांतली वाचा. गर्दीत जागा कशी चालते ते तिथे दिसतं. एरवी सगळीकडे पाच तारेच असतात.

आमच्या जाण्याआधी एका ठिकाणी ‘जागा आता दाखवता येणार नाही, कुत्री बिथरतात’ असं सांगितलं गेलं. वेळ ठरवून यायला सांगणं वाजवी आहे. अजिबातच आत न सोडणं नाही.

६. एक रात्र ठेवून बघा

मोठ्या मुक्कामाआधी दोन-तीन आठवडे एक रात्र. त्याचे पैसे जातात, जाऊ द्या. कुत्रा जेवला का, रात्रभर भुंकला का, इतरांशी पटलं का, हे दोन्ही बाजूंना कळतं, आणि नाहीच जमलं तर दुसरी सोय करायला वेळ उरतो. पहिल्या दिवशी बरीच कुत्री जेवत नाहीत, त्याला घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही पाण्याला तोंड लावलं नसेल तर ती जागा त्याची नाही.

७. करारातल्या तीन ओळी

बोर्डिंगवाले एक-दोन पानी फॉर्म भरून घेतात. सही करण्याआधी तीन गोष्टी शोधा.

एक, भांडणात जखम झाली तर डॉक्टरांचा खर्च कोणाचा. बहुतेक फॉर्ममध्ये ‘मालकाचा’ असं लिहिलेलं असतं. त्यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतला तर तो खर्च त्यांचा, असं हाताने लिहून मागा. काही जण मान्य करतात.

दोन, तातडीचे उपचार. तुमचा फोन लागला नाही तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं आणि किती रुपयांपर्यंत तुमची आगाऊ परवानगी आहे ते लिहून द्या. मी पाच हजार लिहिते आणि त्यापुढे वर दिलेल्या गावातल्या माणसाला विचारा, असं नमूद करते. आकडा नसला की एक तर उपचार अडतात, नाही तर बिल हाताबाहेर जातं.

तीन, ठरलेल्या तारखेला न्यायला आला नाहीत तर काय. ‘अमुक दिवसांनंतर कुत्र्याची व्यवस्था आम्ही लावू’ असं कलम बघून लोक चिडतात, पण ते येतं कुठून तेही बघा. सोडून परत न येणारे मालक खरंच असतात. प्राण्याला असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. म्हणजे त्या कायद्याच्या जोरावर बोर्डिंगवाल्याला काहीच वसूल करता येत नाही, म्हणून तो कलम घालतो. फक्त दिवसांची मुदत वाजवी आहे ना एवढं बघा, कोकण रेल्वेवर दरड कोसळली तर तुम्हीही अडकू शकता.

८. सामानाची पिशवी

नेहमीचं खाणं, एकेका वेळचं मोजून वेगळ्या पाकिटात, वर एक दिवसाचं जास्त. अचानक खाणं बदललं की जुलाब होतात आणि मग डॉक्टरांची फेरी. घरी दूध-पोळी किंवा दहीभात खाणारा कुत्रा असेल तर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. नाही तर त्याला पहिल्यांदाच कोरडं खाणं मिळेल आणि तो दोन दिवस उपाशी बसेल. पट्टा आणि हार्नेस, दोन्हीवर तुमचा नंबर. न धुतलेली एक जुनी चादर किंवा तुमचा टी-शर्ट. औषधं मूळ पाकिटात, वेळ मराठीत लिहून, कारण ती देणारा मुलगा इंग्रजी चिठ्ठी वाचेलच असं नाही. महागडं अंथरूण आणि आवडतं खेळणं घरीच ठेवा, दुसऱ्याच्या कुत्र्याला तेही आवडेल.

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं ते डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. गोळी द्यायची असेल तर तिचाही घरी एकदा प्रयोग व्हायला हवा. आणि दिवाळीत दार उघडताना पट्टा हातात असलाच पाहिजे, हे बोर्डिंगच्या माणसाला सोडताना तोंडावर सांगा. फटाक्याच्या आवाजाने पळून हरवलेल्या कुत्र्यांचे मेसेज दर वर्षी त्या चार दिवसांत ग्रुपवर फिरत असतात.

९. मुक्कामात आणि परत आल्यावर

रोज फोटो मागण्यापेक्षा एक छोटा व्हिडिओ मागा, तोही जेवतानाचा किंवा चालतानाचा. बसलेल्या कुत्र्याचा फोटो पाच दिवस जुनाही असू शकतो.

आणायला उजेडी जा. तिथेच अंगावरून हात फिरवा, कानात, काखेत, शेपटीखाली बघा, लंगडतो का ते चार पावलं चालवून बघा, आणि मगच बाकीचे पैसे जीपे करा. काही दिसलं तर त्यांच्यासमोर फोटो काढा. सगळं ठीक असेल तर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या मुलाच्या हातात दोनशे-तीनशे रुपये वेगळे द्या, मालकामार्फत नको.

घरी आल्यावर तो दिवसभर झोपेल, ते चालतं. ठसका लागल्यासारखा कोरडा खोकला आठवडा-दोन आठवड्यांत सुरू झाला तर केनेल कफ समजून इतर कुत्र्यांपासून लांब ठेवा. गोचीडतापाला मात्र वेळ लागतो. ताप, जेवणावरून उडालेलं मन, फिकट हिरड्या, नाकातून रक्त यातलं काहीही पुढच्या तीन आठवड्यांत दिसलं तर वाट न बघता रक्ताची तपासणी करा आणि कुत्रा बोर्डिंगला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. प्लेटलेट्स किती आहेत ते त्यात कळतं. वेळेवर सापडला तर हा ताप बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येतो, पण कोर्स चांगला तीन-चार आठवडे चालतो. बरं वाटलं म्हणून तो मध्येच थांबवू नका.

आणि असं काही निघालं तर बोर्डिंगलाही कळवा, भांडायला नाही, तर तुमच्यानंतर तिथे ठेवलेल्या कुत्र्यांच्या मालकांना ते सांगू शकतील म्हणून. त्यांनी तो मेसेज कसा घेतला, त्यावरून पुढच्या वेळी तिथे फोन करायचा की नाही ते ठरवा.